बारा व्होल्ट जातात कुठे?

ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये वीज दोन जातींची असते, आणि बिघाड शोधायला बसण्याआधी त्यातली कोणती रुसली आहे ते ओळखावं लागतं. पिकअप ट्रक किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मागे ओढून न्यायचं हे चाकांवरचं घर अमेरिकेत गल्लोगल्ली दिसतं. ओटा, बिछाने, संडास-न्हाणी, गॅसची शेगडी, फ्रिज असं सगळं त्यात असतं. कॅम्पग्राउंडवर पोचलं की जाडजूड केबल खांबावरच्या सॉकेटात खोचायची. तिच्यातून १२० व्होल्टचा एसी पुरवठा येतो. एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरचे प्लग त्यावर चालतात. उरलेलं जवळजवळ सगळं घर १२ व्होल्ट डीसीवर असतं: दिवे, पाण्याचा पंप, छतातला पंखा, फर्नेसचा ब्लोअर, गॅसगळतीचा अलार्म, भिंत बाहेर सरकवून खोली मोठी करणारी मोटर. गॅसवरच्या फ्रिजचं आणि गीझरचं कंट्रोल सर्किटसुद्धा १२ व्होल्टवरच चालतं. त्यामुळे गॅसचे सिलिंडर काठोकाठ भरलेले असले तरी १२ व्होल्ट नसतील तर फ्रिज गार होत नाही, पाणी तापत नाही आणि थंडीत घर गरम होत नाही.

हे १२ व्होल्ट दोन ठिकाणांहून येतात. एक बॅटरी, जी ट्रेलरच्या पुढच्या लोखंडी त्रिकोणावर उघड्यावरच्या डब्यात बसलेली असते. दुसरा कन्व्हर्टर, जो खांबावरची १२० व्होल्ट वीज घेऊन तिची साधारण साडेतेरा व्होल्ट डीसी करतो, घर चालवतो आणि बॅटरीही चार्ज करतो. दोघांच्या तारा फ्यूजच्या एकाच पॅनेलमध्ये येऊन मिळतात आणि तिथून घरभर फुटतात.

माझ्या ओळखीच्या मराठी कुटुंबांतही आता असे ट्रेलर घेणारे आहेत, बहुधा जुने. सगळ्यांची तक्रार फिरून एकाच जागी येते: दिवे लागतात पण फर्नेस पेटत नाही, पंप कण्हतो, फ्रिज मध्येच बंद पडून एररचा दिवा दाखवतो. मग बॅटरी बदलली जाते. तरी भागत नाही म्हणून फर्नेसचा सर्किट बोर्ड बदलला जातो, मग थर्मोस्टॅट. पैसे जातात आणि बिघाड जागच्या जागी राहतो. या प्रकाराचा मला मनापासून राग येतो, कारण बारा व्होल्टचा बहुतेक बिघाड साध्या मीटरने तासाभरात सापडतो. मोजायचं कुठे आणि कधी, एवढं कळलं पाहिजे.

त्यासाठी हा पुरवठा इतका नाजूक का, ते आधी बघू. हिशेब साधा आहे. साठ वॅटचं एखादं उपकरण १२० व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतं. तेवढ्याच कामाला १२ व्होल्टवर पाच अँपिअर लागतात. आता वाटेत एक गंजलेला जोड आहे आणि त्याचा रोध ०.२ ओहम आहे असं धरा. ओहमच्या नियमाने त्या जोडावर गळणारे व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रोध. १२० च्या वायरीत ०.१ व्होल्ट गळला, कोणाच्या लक्षातही येणार नाही. १२ च्या वायरीत पूर्ण एक व्होल्ट गळला, म्हणजे आठ टक्के. जोड तोच, गंज तोच. असे तीन जोड वाटेत आले की बॅटरी भरलेली असूनही टोकाच्या मोटरपर्यंत नऊच व्होल्ट पोचतात. कालव्याच्या टेलला शेत असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. धरण भरल्याची बातमी पेपरात येते आणि त्याच्या पाटात चिखल असतो.

याच हिशेबात शोधाची किल्ली आहे. गळती म्हणजे करंट गुणिले रोध, तेव्हा करंटच नसेल तर गळती शून्य. सगळं बंद करून मीटर लावला की गंजलेल्या वायरीच्या शेवटच्या टोकालाही झकास १२.६ दिसतात. लोक तेवढं बघतात, ‘व्होल्टेज तर बरोबर आहे’ म्हणतात आणि बोर्ड मागवतात. उपकरण चालू असताना, करंट वाहत असतानाच मोजलं तर वायरीची खरी अवस्था कळते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सुरुवात अर्थात बॅटरीपासूनच. शिशाच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. चार्जिंग काढून काही तास स्वस्थ ठेवलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ च्या आसपास ती उतरलीच म्हणायची. हे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत बघा. भरलेली आणि रिकामी यांत एका व्होल्टाचंही अंतर नाही, म्हणून काटा हलणारा स्वस्त मीटर इथे उपयोगाचा नाही, डिजिटलच हवा. आणि निम्म्याच्या खाली बॅटरी वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. ट्रेलरबरोबर बहुधा ऐंशी अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी येते, त्यातले हक्काने वापरायचे चाळीस. फर्नेसचा ब्लोअर सात अँपिअर घेतो आणि थंडीच्या दहा तासांच्या रात्रीत चार तास चालतो असं धरलं तर अठ्ठावीस त्यातच गेले. खांबाची वीज नसलेल्या जागी दुसऱ्या रात्री घर गार का पडतं याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. तिथे बिघाड काही नसतो, बॅटरी लहान असते.

लोडशेडिंगच्या काळात घरात इन्व्हर्टर बसवलेल्यांना या बॅटरीची निगा नव्याने शिकायला नको. रसायन तेच. झाकणं उघडून पाण्याची पातळी बघायची, प्लेटी उघड्या पडू द्यायच्या नाहीत, भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. टर्मिनलवर पांढरा-हिरवट क्षार आला असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी घालून ब्रशने घासायचा, धुवायचा, कोरडं करायचं. सोड्याचं पाणी सेलच्या आत मात्र जाऊ द्यायचं नाही. हे करताना हातातली अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण पाना दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि लोखंड लाल होतं. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळपास ठिणगी नको.

स्वस्थ बॅटरीने १२.६ दाखवले म्हणजे ती चांगली, असंही नाही. पंप आणि फर्नेस चालू करा, आतले सगळे दिवे लावा आणि मीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरा, वर अडकवलेल्या क्लॅम्पवर नव्हे. आकडा १२ च्या वर टिकला तर बॅटरी शाबूत. दोन-तीन मिनिटांत घसरत दहाकडे गेला तर एखादा सेल गेलेला आहे किंवा बॅटरी भरलेलीच नव्हती. खुंटीवर १२.३ आणि क्लॅम्पवर ११.५ आले तर दोन बोटांच्या अंतरात पाऊण व्होल्ट गळतो आहे. तिथे नवी बॅटरी घेऊन काही साधणार नाही, क्लॅम्प काढून घासायला हवा.

आता एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण त्यात बारा व्होल्टच्या बिघाडाचं जवळजवळ सगळं शास्त्र आलं आहे. ऑक्टोबरची अखेर, मिशिगनच्या उत्तर भागातलं स्टेट पार्क, रात्री पारा शून्याकडे चाललेला. ओळखीच्या एका जोडप्याचा जुना ट्रेलर आमच्या शेजारी होता. फर्नेस सुरू व्हायचा, ब्लोअर घोंघावायचा, पण झरोक्यातून येणारी हवा गारच. मी बॅटरी बघू या म्हटल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, बॅटरी नवीकोरी आहे. दुकानात टेस्ट करून घेतली. आणि गेल्या महिन्यात खांबाच्या विजेवर हाच फर्नेस छान चालत होता.”

त्यांच्या शेवटच्या वाक्यात अर्धं निदान होतं. खांबाच्या विजेवर चालतं आणि बॅटरीवर चालत नाही, म्हणजे फर्नेस, त्याचा बोर्ड, थर्मोस्टॅट आणि पॅनेलपासून फर्नेसपर्यंतची वायर हे सगळं ठीक आहे. दोष बॅटरी आणि पॅनेल यांच्या मधल्या टप्प्यात असणार.

पण ब्लोअर चालतो आणि ज्योत पेटत नाही, असं का? थर्मोस्टॅटने हाक दिली की आधी नुसता ब्लोअर सुरू होतो. त्याच्या हवेच्या झोतात एक पातळ पट्टी लावलेला नाजूक खटका असतो, त्याला सेल स्विच म्हणतात. झोत पुरेसा जोरदार असेल तर पट्टी ढकलली जाते, खटका मिटतो, आणि मगच बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडून ठिणगी पाडतो. झोत नसताना गॅस पेटला तर भट्टी आतल्या आत तापून आग लागायची, म्हणून ही तजवीज. व्होल्टेज कमी पडलं की मोटर फिरते पण मंद फिरते. माणसाच्या कानाला ब्लोअर चालू वाटतो, पट्टीला तो पुरत नाही. साधारण साडेदहा व्होल्टच्या खाली हे होऊ लागतं. पट्टीवर धूळ किंवा कुत्र्याचे केस अडकूनही हेच लक्षण दिसतं, पण मग खांबाच्या विजेवरही फर्नेस पेटला नसता.

ब्लोअर चालू ठेवून मोजलं. बॅटरीच्या खुंट्यांवर १२.३ व्होल्ट. फर्नेसच्या कनेक्टरवर ९.९. वाटेत २.४ व्होल्ट गडप. आता ते जाण्याच्या वाटेत गळतात की परतीच्या, हे शोधायचं. त्यासाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरी, लांब वायर जोडून, फर्नेसच्या पॉझिटिव्ह टोकावर. मीटर व्होल्टवरच. एकाच वायरीच्या दोन टोकांमध्ये मीटर लावायचा ही कल्पना प्रथम विचित्र वाटते, पण तो आकडा म्हणजेच त्या वायरीने खाल्लेले व्होल्ट. आले ०.३. या लांबीला आणि या करंटला एवढं चालतं. मग निगेटिव्ह ते निगेटिव्ह: २.१. चोर परतीच्या वाटेवर होता.

पिन पुढे पुढे सरकवत जायची. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून शेजारच्या लोखंडी चौकटीपर्यंत मोजलं, तर तिथेच पूर्णच्या पूर्ण २.१. बॅटरीची निगेटिव्ह केबल चौकटीला एका बोल्टने आवळलेली होती. वॉशरखाली कारखान्यातला काळा रंग तसाच, आणि रंगाखाली पापुद्रे सुटलेला गंज. वहिनींनी बोल्टाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. सहा अँपिअर गुणिले २.१ व्होल्ट, म्हणजे तिथे बारा-तेरा वॅट उष्णता तयार होत होती. फर्नेसमध्ये पोचायची वीज चौकटीचा बोल्ट तापवण्यात चालली होती.

बॅटरी सोडवली, बोल्ट काढला, सॅंडपेपरने रंग आणि गंज खरवडून चकचकीत पोलाद उघडं केलं, केबलच्या टोकाला नवी रिंग क्रिंप केली, दातेरी वॉशर घालून आवळलं आणि वरून ग्रीस फासलं. तोच टप्पा परत मोजला, ०.०५ व्होल्ट. ब्लोअरचा सूर बदललेला कानालाच कळला, आणि काही सेकंदांत आत ज्योत फुरफुरली.

खांबाच्या विजेवर हा बोल्ट आड येत नव्हता, कारण कन्व्हर्टर घराच्या आत पॅनेलमागेच असतो. त्याची वीज फर्नेसला जाते आणि आतल्याच पट्टीवर परत येते, चौकटीच्या बोल्टाकडे ती फिरकतही नाही. बॅटरीला मात्र चार्ज होताना याच बोल्टातून जावं लागतं. म्हणजे ज्या गंजाने फर्नेस बंद पाडला, त्याच गंजाने आधीच्या बॅटरीला कधी पोटभर चार्ज मिळू दिला नव्हता. अर्धपोटी राहिलेल्या शिशाच्या बॅटरीच्या प्लेटींवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ती अकाली जाते. त्यांनी बदललेली बॅटरी बहुधा याच रोगाने गेली होती, आणि नवीही त्याच मार्गाला लागली होती.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा जाणवली. पूर्वीचे पिवळे बल्ब अशा वेळी मिणमिणायचे आणि घरातल्या कोणालाही कळायचं की व्होल्टेज पडलंय. आजचे एलईडी दिवे दहा व्होल्टवरही बऱ्यापैकी लख्ख जळतात. ‘दिवे तर लागताहेत’ हा पुरावा आता पुरावा राहिलेला नाही.

मीटरबद्दलही एक सावधगिरी हवी. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो, त्यामुळे तो वायरीतून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. तारेचे सगळे पदर तुटून एकच केसाएवढा शाबूत असला तरी मीटर १२.६ दाखवतो आणि पंप हलत नाही. अशा वेळी जुन्या मोटारीच्या ब्रेकलाइटचा ११५६ नंबरचा बल्ब कामाला येतो. तो दोन अँपिअर खातो. त्याच्या होल्डरला दोन वायरी जोडून टोकांना चिमटे लावायचे, आणि ज्या जागेवर शंका आहे तिथे पंपाऐवजी बल्ब जोडायचा. लख्ख लागला तर वायर चांगली, मंद लागला तर जोड खराब, लागलाच नाही तर वायर तुटलेली. माझ्या पिशवीत मीटर आणि बल्ब दोन्ही असतात, आणि एकच न्यायची वेळ आली तर मी बल्ब नेईन.

पॅनेलचं आतलं झाकण खोलण्याआधी खांबाची केबल काढा. हे मी जोर देऊन सांगतो, कारण बहुतेक ट्रेलरांत एकाच दाराआड एका बाजूला १२० व्होल्टचे ब्रेकर आणि दुसऱ्या बाजूला १२ व्होल्टचे फ्यूज असतात. आतलं झाकण खोललं की जिवावर बेतणारी वीज बोटभर अंतरावर असते. फ्यूज मोटारीतलेच, रंगावरून ओळखू येणारे: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. त्यांच्या पाठीवर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. फ्यूज न काढता दोन्ही ठिपक्यांवर बारा आहेत का ते बघता येतं. एकाच ठिपक्यावर असतील तर फ्यूज गेला. पंधराचा सारखा उडतो म्हणून तीसचा बसवणारे लोक आहेत. त्या वायरीला तीस अँपिअर झेपत नाहीत, मग फ्यूजऐवजी भिंतीच्या आतली वायर जळते, आणि ट्रेलरच्या भिंती लाकूड, फोम आणि पातळ प्लायच्या असतात.

पॅनेलवर बहुधा दोन मोठे फ्यूज वेगळे बसवलेले दिसतात, तीस किंवा चाळीसचे. बॅटरी उलटी जोडली गेली तर कन्व्हर्टर वाचवायला ते असतात. ते उडाले की बहुतेक ट्रेलरांत कन्व्हर्टर आतून ठणठणीत असूनही त्याची वीज बाहेर पडत नाही. घर काही तास किंवा दिवसभर बॅटरीवर चालत राहतं आणि मग अंधार होतो. बॅटरी उलटी जोडली जाण्याला इथे एक खास कारण आहे. मोटारीत काळी वायर निगेटिव्ह असते, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ट्रेलरच्या वायरिंगमध्ये पांढरी निगेटिव्ह आणि काळी बहुधा पॉझिटिव्ह. हिवाळ्यात काढून ठेवलेली बॅटरी वसंतात परत बसवताना मोटारीच्या सवयीने काळी वायर निगेटिव्हला लागते आणि एक ठिणगी पडून दोन्ही फ्यूज जातात. काढण्यापूर्वी पॉझिटिव्हच्या टोकाला लाल टेप गुंडाळून ठेवली की हा प्रश्नच मिटतो.

कन्व्हर्टर चालतो की नाही हे पाहायला मीटर बॅटरीवर धरायचा आणि दुसऱ्याला केबल खांबात खोचायला सांगायचं. आकडा १२.४ वरून चढत १३ च्या पुढे गेला पाहिजे. हललाच नाही तर तेच पॅनेलवर, आतलं झाकण न खोलता, फ्यूजच्या ठिपक्यांवर मोजायचं. पॅनेलवर १३.६ आणि बॅटरीवर १२.४ असतील तर मधली वाट तुटली आहे. त्या वाटेवर, बॅटरीपासून हातभर अंतरावर, काडेपेटीपेक्षा लहान पत्र्याची एक डबी असते आणि तिला दोन स्क्रू असतात. तो आपोआप परत बसणारा ब्रेकर. चौकटीखाली, चिखल आणि मीठ उडणाऱ्या जागी तो लावलेला असतो आणि बहुतेक मालकांना तो आहे हेही माहीत नसतं. एका स्क्रूवर बारा आणि दुसऱ्यावर काहीच नाही, असं दिसलं तर तोच गुन्हेगार. किंमत किरकोळ, बदलायला दहा मिनिटं.

अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्ट परगण्यात आणि त्याच्या आसपास तयार होतात. कामाचा वेग मोठा असतो. त्यामुळे वायरींचे जोड पुष्कळदा घराच्या वायरिंगमध्ये चालतात तसे पिळून टोपी घातलेले, किंवा वायर न सोलता दाबून बसवायच्या निळ्या चिमट्याचे असतात. भिंतीत स्वस्थ बसलेल्या वायरीला ते जमून जातं. ट्रेलर मात्र ताशी शंभर किलोमीटरने खड्ड्यांतून जातो, आणि प्रत्येक धक्क्याला जोड सैल होत जातो. उघडं पडलेलं तांबं दमट हवेत हिरवं होतं. असा जोड हाताला लागला की कापून टाका, योग्य मापाचं बट कनेक्टर क्रिंप करा, वर हीट-श्रिंकची नळी चढवा. नुसती काळी टेप दोन उन्हाळ्यांत गोंद सोडते.

बंद ठेवलेल्या ट्रेलरची बॅटरी आपोआप उतरते ही वेगळी तक्रार. गॅसचा अलार्म कायम चालू असतो, रेडिओची मेमरी, फ्रिजचा बोर्ड हेही थोडं थोडं पीत असतात. सगळं मिळून ०.४ अँपिअर धरलं तर दिवसाला जवळपास दहा अँपिअर-तास गेले, आणि चार दिवसांत वापरण्याजोगा निम्मा साठा संपला. निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि खुंटीच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावला की नेमका आकडा कळतो. तेव्हा मात्र फर्नेस किंवा सरकत्या भिंतीची मोटर चालू करू नका, मीटरचा स्वतःचा फ्यूज जाईल. उपाय म्हणजे बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच. थंड प्रदेशात याला जास्त महत्त्व आहे. भरलेली बॅटरी कडाक्याच्या हिवाळ्यातही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल पाण्यासारखं पातळ झालेलं असतं आणि ते उणे सात अंशांच्या आसपास गोठून डबा फोडू शकतं.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आल्यापासून वरचे आकडे सगळीकडे लागू पडत नाहीत. त्यांचे सेल चार, प्रत्येकी ३.२ व्होल्टचे. नव्वद टक्के भरलेली असो की तीस, व्होल्टेज तेराच्या आसपासच घुटमळतं. तेव्हा व्होल्टवरून साठा ओळखण्याचा नाद सोडून, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते मोजणारा शंट बसवावा. त्यांना शून्य अंशाखाली चार्ज करायचं नसतं, आणि जुना कन्व्हर्टर त्यांना पूर्ण भरतही नाही.

ओढणाऱ्या गाडीकडून ट्रेलरच्या बॅटरीला चार्ज येतो, त्यावरही फार विसंबू नये. गाडीच्या इंजिनापासून ट्रेलरपर्यंत दहा-बारा मीटर बारीक वायर, मध्ये सात पात्यांचा प्लग. पंधरा अँपिअर वाहवायला गेलं तर नुसत्या वायरीतच एक व्होल्ट गळतो, आणि मग बॅटरी भरेल इतका दाब उरत नाही. दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी अर्धीच का, याचं हे उत्तर. ज्यांना रोज मुक्काम हलवायचा आहे त्यांनी डीसी-टू-डीसी चार्जर घ्यावा. तो आलेलं कमी व्होल्टेज चढवून बॅटरीला देतो. प्लगची पाती मात्र दर मोसमाला साफ करायलाच हवीत, कारण त्याच प्लगातून ब्रेकची वीज जाते.

ब्रेकची गोष्ट फर्नेसपेक्षा कितीतरी गंभीर आहे. ट्रेलरच्या चाकांतले ब्रेक विजेचे असतात. प्रत्येक चाकात एक विद्युतचुंबक असतो, तो साधारण तीन अँपिअर घेतो, आणि त्याच्या ओढीवर ब्रेक दाबले जातात. व्होल्ट गळले की ओढ कमी होते, आणि हे ब्रेक मारल्याशिवाय कळत नाही. यातला नेहमीचा दोष आसाच्या पोकळ नळीत असतो. एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वायर त्या नळीत मोकळी लोंबत असते, हजारो किलोमीटर पत्र्यावर घासते आणि तिचं इन्सुलेशन सोलून जातं. दोन आसांच्या ट्रेलरला ब्रेक पूर्ण दाबल्यावर एकूण बारा अँपिअरच्या आसपास करंट दिसायला हवा. नऊच दिसला तर एखाद्या चाकाचा ब्रेक मेलेला आहे. खूप जास्त दिसला तर वायर कुठेतरी चौकटीला लागते आहे.

आणि ट्रेलर चालत्या गाडीपासून सुटलाच तर त्याला थांबवणारी वीज त्याच्या स्वतःच्या बॅटरीतून येते. पुढच्या दांड्यावर एक खटका असतो, त्यातली पिन बारीक तारेने गाडीला बांधलेली असते. ट्रेलर सुटला की पिन ओढली जाते आणि चारही ब्रेक लागतात, अर्थात बॅटरी भरलेली असेल आणि चौकटीवरचा तो बोल्ट गंजलेला नसेल तर. निघण्यापूर्वी हे तपासता येतं. सात पात्यांचा प्लग आधी गाडीतून काढा, नाहीतर गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरला इजा होऊ शकते. मग पिन ओढा, एकाने बॅटरीच्या खुंट्यांवर आणि दुसऱ्याने मागच्या चाकाजवळच्या जोडावर व्होल्ट वाचायचे. दोन आकड्यांत एका व्होल्टाहून जास्त फरक असेल तर वर सांगितल्याप्रमाणे एकेक टप्पा मोजत पुढे जा. फरक थोडा असेल तर पिन लगेच परत बसवा. ती जास्त वेळ बाहेर राहिली तर चुंबक तापतात आणि बॅटरीही उतरते.